फोटो कोणता आणि चित्र कोणतं, तेवढं खाली लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

मी नारायणगावचा. १९९२ पासून फोटो स्टुडिओ आहे माझा, आता मुलगा बघतो जास्त करून, मी दुपारचा बसतो पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सला. तुमचा पेपर आमच्याकडे वडील होते तेव्हापासून येतो, त्यामुळे ही तक्रार असली तरी घरातल्या माणसाची तक्रार समजा. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगून ठेवतो, मोबाईलवर बोलून टाईप करतोय आणि मी बोलायला लागलो की थांबत नाही असं आमच्या घरी सगळ्यांचं मत आहे.

झालं असं की डिसेंबरमध्ये एक आठवीतला मुलगा दुकानात आला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चार्ट करायचा होता त्याला. दप्तरातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून वही, आणि वहीतून तुमच्या पेपरचं कात्रण, एप्रिल २०२५ मधलं, पहिल्या पानावरचं, सात-आठ महिने जपून ठेवलेलं. त्यावर एक मस्त निळा ग्रह, ढग वगैरे, बाजूला लालसर सूर्य, आणि वर मथळा की दुसऱ्या ग्रहावर जीवसृष्टी सापडली. "काका, हा फोटो ए-थ्री साईजला मोठा करून द्या, ग्लॉसी पेपरवर." मी सवयीप्रमाणे भिंग घेतलं, बघितलं आणि म्हटलं, अरे बाळा हा फोटो नाहीये, हे कोणीतरी काढलेलं चित्र आहे. तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच फसवतोय त्याला. म्हणाला, "नाही काका, पेपरात आलाय."

आता यावर काय बोलणार सांगा. पेपरात आलाय म्हटल्यावर विषय संपला, आणि विषय संपतो हेच तर तुमच्या धंद्याचं भांडवल आहे ना. मी कात्रण उलटंपालटं करून बघितलं, चित्राखाली काही लिहिलेलं नव्हतं. कल्पनाचित्र असा एक शब्द, बस, तेवढा नव्हता. इंग्रजी पेपरवाले निदान बारीक अक्षरात टाकतात.

त्या ग्रहाचं नाव के२-१८बी. सिंह राशीच्या दिशेला, १२४ प्रकाशवर्षं लांब. त्याचा फोटो आजपर्यंत कोणीही काढलेला नाही. जेम्स वेब या अंतराळातल्या मोठ्या दुर्बिणीनेही नाही. वेबनी काय केलं ते मला समजायला चार रात्री यूट्यूब बघावं लागलं, पण समजल्यावर फोटोपेक्षा भारी वाटलं. हा ग्रह त्याच्या लाल बुटक्या सूर्याभोवती ३३ दिवसांत एक फेरी मारतो, आणि दर फेरीत आपल्या बाजूनी बघितलं तर सूर्याच्या तोंडासमोरून जातो. तो समोर आला की सूर्याचा उजेड किंचित कमी होतो. आणि त्यातला अगदी थोडासा उजेड ग्रहाच्या हवेच्या कडेकडेनी गाळून आपल्यापर्यंत येतो, जसा पडद्याच्या काठातून येतो तसा. हवेत जे वायू असतील ते आपापल्या पसंतीचे रंग त्यातनं खाऊन टाकतात. मग कोणता रंग किती कमी पडला ते मोजत बसायचं. म्हणजे हातात काय येतं, तर वरखाली होणारी एक रेघ. फोटो नाही साहेब, ईसीजी आहे तो.

त्या रेघेवरून २०२३ मध्ये मिथेन आणि कार्बन डायऑक्साईड आहे हे बऱ्यापैकी पक्कं झालं. मग एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजचे प्रोफेसर निक्कू मधुसूदन, हे आपल्याकडचेच, बनारसच्या आयआयटीत शिकलेले, त्यांच्या टीमनी सांगितलं की डायमिथाईल सल्फाईड नावाच्या वायूची खूण दिसतेय. हा वायू आपल्या पृथ्वीवर मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव सोडतात, म्हणून एवढी खळबळ. पण त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की खात्री तीन सिग्माची आहे, म्हणजे निव्वळ योगायोगानी असं दिसायची शक्यता ०.३ टक्के, आणि शोध लागला असं म्हणायला शास्त्रज्ञ लोक पाच सिग्मा मागतात, म्हणून अजून निरीक्षणं पाहिजेत. नंतर दुसऱ्या टीमांनी तीच मापं घेऊन परत गणित केलं तर त्यांना ती खूण पुरेशी ठळक दिसलीच नाही. शिवाय हाच वायू एका धूमकेतूवरही सापडलाय, जिथे समुद्र नाही की शेवाळ नाही. याच ग्रहावर २०१९ मध्ये हबल या जुन्या अंतराळ दुर्बिणीच्या मापांवरून पाण्याची वाफ सापडली म्हणून पण गाजावाजा झाला होता, आणि वेबनी बघितल्यावर लक्षात आलं की ती वाफ नव्हे, बहुतेक मिथेनच होता.

हे नंतरचं सगळं तुमच्या पेपरात मी शोधलं. सापडलं नाही. आलं असेल तर माझ्या नजरेतून सुटलं असेल, पण मग ते कुठल्या पानावर किती ओळीत होतं ते तुम्हीच बघा. जीव सापडला ते पहिल्या पानावर आणि नक्की नाही ते कुठेच नाही, हे बरोबर नाही. माझ्याकडे गिऱ्हाईकाचा फोटो चुकला तर मी त्याच साईजचा परत काढून देतो, स्टॅम्प साईज देऊन बोळवण करत नाही.

एक कबूल करतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. मी काही सत्यवादी हरिश्चंद्र नाही. नव्वदच्या दशकात या हातांनी किती नवरा-नवरींच्या मागे स्वित्झर्लंड लावलंय त्याची मोजदाद नाही, ज्यांनी घाट सोडून मुंबई बघितली नव्हती ते जोडपं बर्फात उभं. चेहऱ्यावरचे डाग काढणं, मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून आणून उघडणं, सगळं केलंय. त्यामुळे खोटा फोटो कसा बनतो हे मला शिकवू नका, आणि म्हणूनच खरा फोटो खोटा म्हटला की माझं डोकं फिरतं. कारण दुसऱ्या बाजूला हेच चाललंय. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वेबचा खराखुरा फोटो टाकला की हमखास कोणीतरी लिहितं, नासा फोटोशॉप करते, रंग भरलेत सगळे. म्हणजे चित्राला लोक फोटो समजतात आणि फोटोला चित्र. या गोंधळात तुमचा वाटा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

तर रंगांचं सांगतो, ते माझ्या धंद्यातलं आहे. वेबचा कॅमेरा एकेका फिल्टरमधून फोटो काढतो आणि प्रत्येक फोटो ब्लॅक अँड व्हाईट येतो. ते फिल्टर इन्फ्रारेडचे, म्हणजे आपल्या डोळ्यांना जे दिसतच नाही त्या उजेडाचे, आपला टीव्हीचा रिमोट मारतो ना तसला उजेड आणि त्याच्याही पलीकडचा. मग खाली आल्यावर सगळ्यात आखूड लांबीच्या फोटोला निळा, मधल्याला हिरवा, लांबवाल्याला लाल असे रंग देऊन एकावर एक बसवतात. क्रम तोच ठेवतात, मनाला येईल तसं नाही. गाण्याची पट्टी खाली आणल्यासारखं आहे हे, सूर बदलले तरी चाल तीच राहते. आणि याला खोटं म्हणायचं असेल तर मग तुमच्या हातातल्या मोबाईलचा फोटो पण खोटा, कारण त्याचा सेन्सरही मुळात रंगआंधळाच असतो, प्रत्येक ठिपक्यावर लाल हिरवा निळा असे बारीक फिल्टर चिकटवलेले असतात आणि रंग नंतर गणितानी तयार होतो. लांब कशाला, तुमच्या प्रेसमध्ये चार प्लेटा लागतात की नाही रंगीत पानाला? एकेक प्लेट एकेका शाईची, चारी बसल्या की नवरीचा शालू लाल दिसतो. एक प्लेट जरा सरकली की नवरीला दोन नाकं येतात, हेही आम्ही तुमच्याच पुरवणीत बघितलंय.

आणखी एक, ताऱ्यांना जी टोकं दिसतात वेबच्या फोटोत, आठ-आठ, ती पण लोकांना वाटतं इफेक्ट टाकलाय. आमच्याकडे पूर्वी स्टार फिल्टर मिळायचा, देवाऱ्यातल्या समईचा फोटो काढायला बरा, त्यातून अशी टोकं यायची. वेबच्या बाबतीत ती आरशाच्या षटकोनी तुकड्यांमुळे आणि पुढच्या आरशाला धरून ठेवणाऱ्या दांड्यांमुळे येतात. हबलच्या फोटोत चारच टोकं असतात. म्हणजे नुसती टोकं मोजून सांगता येतं की फोटो कोणी काढला, मी दुकानात बसून ओळखतो आता. तुमच्या डेस्कवरच्या मुलांना सांगा, पैज लावायला बरं आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण माझा खरा राग दुसऱ्याच बातमीवर आहे.

२०२५ च्या शेवटी अलकनंदाची बातमी आली. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर या दोघांनी वेबच्या फोटोंमधून एक दीर्घिका शोधली, आपल्या आकाशगंगेसारखी चक्राकार, मधे फुगीर गाभा आणि दोन बाजूला दोन व्यवस्थित हात. राशी जैन पीएचडी करतायत. विश्व फक्त दीड अब्ज वर्षांचं होतं तेव्हाची ही दीर्घिका, म्हणजे तिचा उजेड बारा अब्ज वर्षांहून जास्त प्रवास करून आलाय. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयात मंदाकिनीची बहीण कोण तर अलकनंदा, म्हणून हे नाव दिलं. इतकं गोड नाव, पुण्यातली माणसं, आणि जगभर बातम्या. तुमच्या पेपरात आतल्या पानावर सहा ओळी. ठीक आहे, जागेची अडचण असेल, निवडणुका होत्या. पण त्या सहा ओळींशेजारी फोटो कशाचा टाकलात? आमच्या खोडदच्या डिशचा!

आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, संस्था तीच आहे. हो, खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण एनसीआरएचीच आहे, ४५ मीटरच्या ३० डिश, आमच्या द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांमधून पसरलेल्या, मी कित्येकदा कॅमेरा घेऊन गेलोय तिकडे, विज्ञान दिनाला २८ फेब्रुवारीला तर आख्खा तालुका लोटतो. आमचा अभिमान आहे तो. पण त्या डिश रेडिओ लहरी ऐकतात, आणि अलकनंदा सापडली ती वेबच्या इन्फ्रारेड फोटोत. तुमच्या फोटोमुळे काय झालं, दुसऱ्या दिवशी स्टँडवर चहाच्या टपरीवर एक बाबा सगळ्यांना सांगतायत की आपल्या खोडदच्या डिशनी नवीन आकाशगंगा पकडली. मी म्हटलं, बाबा, खोडदनी नाही, ती दुर्बीण वर आहे, पंधरा लाख किलोमीटरवर. तर बाबा म्हणाले, "मग पेपरात आपली डिश कशाला छापली?" परत तेच. पेपरात आलंय.

आणि यात खरी गंमत हुकली हो. दुर्बीण अमेरिका, युरोप आणि कॅनडाची, उडाली २५ डिसेंबर २०२१ ला फ्रेंच गयानामधून, आणि शोध लागला पुण्यात बसून. कसा? तर वेबनी काढलेले फोटो एका साठ्यात ठेवतात आणि काही लगेच, काही ठराविक मुदतीनंतर जगातल्या कोणालाही उघडे होतात. फुकट. लायब्ररीसारखं. ते फोटो आख्ख्या जगाला बघायला मिळाले होते, त्यात हजारो दीर्घिका होत्या, आणि या दोघांनी बारकाईनी बघून ही एक ओळखली. माझ्याकडे जुन्या निगेटिव्हची कपाटं आहेत, गावातल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या पण, वडिलांचे मित्र देऊन गेले होते. कधी कोणाची नात येते, आजीचा एकही फोटो नाही म्हणते, आणि आम्ही कुणाच्या तरी पंगतीच्या निगेटिव्हमध्ये मागे वाढायला उभी असलेली आजी शोधून काढतो. निगेटिव्ह माझी, पण ती आजी आहे हे ओळखलं नातीनी. हे मी टपरीवर सांगितल्यावर बाबांना पटलं बघा लगेच.

अलकनंदाच्या फोटोबद्दल थोडं सांगू द्या, कारण फोटोग्राफर म्हणून मला हा फोटो फार आवडलाय. एक म्हणजे ती दिसते ती एका फुकटच्या भिंगामुळे. मधे साडेतीन-चार अब्ज प्रकाशवर्षांवर ॲबेल २७४४ नावाचा दीर्घिकांचा मोठा घोळका आहे, त्याच्या गुरुत्वाकर्षणानी मागून येणारा उजेड वाकतो आणि अलकनंदा जवळपास दुप्पट उजळ दिसते. निसर्गानी दिलेली टेली लेन्स. दुसरं म्हणजे तिचे फोटो तब्बल २१ फिल्टरमधून घेतलेले आहेत. एवढे का, तर विश्व पसरतंय त्यामुळे वाटेत उजेडही ताणला जातो, तिचा जवळजवळ पाचपट ताणला गेलाय, म्हणजे तिकडून निघाला तेव्हा जो हिरवा होता तो इथे पोचेपर्यंत इन्फ्रारेड झालाय. म्हणून तर वेबसारखी दुर्बीण लागते. आणि ताणण्यामुळे होतं काय की निळ्या बाजूच्या फिल्टरमध्ये ती दिसतच नाही, एका ठिकाणापासून पुढे दिसायला लागते. कुठपासून दिसते आणि पुढे कोणत्या फिल्टरमध्ये किती उजळ, यावरून अंतर काढतात, ताऱ्यांचं वजन काढतात, नवे तारे किती वेगानी बनतायत तेही काढतात. वजन आलं दहा अब्ज सूर्यांएवढं. नवे तारे वर्षाला साधारण ६० सूर्यांच्या वजनाचे, आपल्या आकाशगंगेच्या वीसपट वेगानी. व्यास ३०,००० प्रकाशवर्षं.

यात धक्का कसला, ते त्या पोराला मी असं सांगितलं. म्हटलं तुझं वय किती? म्हणाला चौदाव्यात. म्हटलं बरोबर, विश्वाचं वय आहे १३.८ अब्ज वर्षं, तर विश्व तुझ्याएवढं धर. तू दीड वर्षाचा होतास तेव्हा काय करत होतास? भिंतीवर रेघोट्या मारत असशील. शास्त्रज्ञांना वाटत होतं त्या वयात दीर्घिका पण तशाच असणार, ओबडधोबड, गुठळ्या गुठळ्या, वायू खदखदतोय, कशाचा कशाला मेळ नाही, हे असं शांत फिरणारं चक्र आणि त्याला दोन हात व्हायला पुढे अब्जावधी वर्षं जावी लागत असतील. आणि इथे दीड वर्षाच्या पोरानी वही घेऊन वळणदार अक्षर काढून दाखवलंय. म्हणजे दीर्घिका कशा बनतात याची जी गणितं आहेत ती परत तपासायला लागणार. पोरगं हसलं. मग म्हणालं, मग हिचा फोटो द्या.

पण ते नंतर. आधी थंडीचं सांगायचं राहिलं, कारण ते फक्त डार्करूममधल्या माणसालाच पटकन कळेल. रोलच्या जमान्यात आमचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे लीक झालेला उजेड. दाराच्या फटीतून एक तिरीप आली की आख्खा पेपर फॉग, काळा करडा. इन्फ्रारेड म्हणजे उष्णताच, मग दुर्बीणच गरम असेल तर तिच्याच उजेडानी तिचा फोटो फॉग होणार. म्हणून वेबला टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी छत्री लावलीय, उन्हाच्या बाजूला भाजतंय आणि सावलीच्या बाजूला उणे २३० च्या आसपास, आणि एक उपकरण तर उणे २६६ पर्यंत गार करतात. हे वाचल्यावर मी माझ्या जुन्या डार्करूमच्या दाराला लावलेलं काळं घोंगडं आठवलं, आईनी दिलेलं, त्याला आतून अस्तर पण लावलं होतं. तत्त्व तेच. आणि आरशावर सोनं किती तर ४८ ग्रॅम. साडेसहा मीटरचा आरसा, १८ तुकडे, आणि सोनं मोजून चार तोळं. आमच्याकडे एका लग्नात यापेक्षा जास्त अंगावर असतं आणि फोटोत चमकलं नाही की मला ओरडा.

हबलचं तर काय, १९९० साली वर गेली आणि पहिलेच फोटो आउट ऑफ फोकस. आरशाची कड २.२ मायक्रॉननी जास्त चपटी घासली गेली होती, केसाच्या पन्नासाव्या भागाएवढी चूक. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर वर जाऊन तिला चष्मा लावून आले, तोपर्यंत सगळीकडे चेष्टा. मी तेव्हा नवीन होतो धंद्यात, पहिल्याच मोठ्या लग्नाचे दोन रोल हलवून ठेवले होते, त्यामुळे हबलबद्दल मला तेव्हापासून आपुलकी. १९९५ च्या डिसेंबरमध्ये हबलचं काम बघणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी सप्तर्षीजवळच्या एका जवळपास रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर दहा दिवस दुर्बीण लावून ठेवली, शंभर मीटरवर धरलेल्या टेनिसच्या चेंडूएवढी जागा, बरेच जण म्हणत होते वेळ वाया जाईल. ३४२ एक्सपोजर घेतले आणि त्यातून तीन हजारांच्या आसपास दीर्घिका निघाल्या.

आणि आपली स्वतःची दुर्बीण पण आहे हे किती जणांना माहिती आहे? ॲस्ट्रोसॅट. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्यावरून गेली. तिच्यातल्या अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे अतिनील उजेडाच्या दुर्बिणीचा आरसा जेमतेम ३८ सेंटीमीटर, परातीएवढा म्हणा, हबलचा २.४ मीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिनी एकाच जागेचा २८ तासांहून जास्त फोटो घेतला आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेमधले कनक साहा आणि त्यांच्या टीमनी त्यात ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेचा अतिनील उजेड पकडला, असला की हबललाही दिसला नव्हता. का दिसला नव्हता, तर हबलच्या त्या कॅमेऱ्यात ग्रेन, म्हणजे फोटोतली दाणेदार खरखर, जास्त आणि आपल्यात फार कमी. अंधार जास्त काळा, म्हणून बारीक ठिपका उठून दिसला. दोन वर्षं लागली तो ठिपका खरा आहे ही खात्री करायला, २०२० मध्ये छापून आलं. दोन वर्षं! एका ठिपक्यासाठी. हा ठिपका तुम्ही छापला होता का हो? दिसायला काहीच नाही तो, मान्य, पण आम्हाला कौतुक त्याचंच वाटलं असतं, फक्त खाली कोणीतरी सांगायला पाहिजे होतं की हे बघताय ते काय आहे.

तर माझी मागणी एवढीच आहे, खर्च शून्य. अंतराळातलं काहीही छापलंत की खाली एक ओळ द्या. चित्र असेल तर कल्पनाचित्र म्हणा, जरा दिसेल अशा अक्षरात. फोटो असेल तर कोणत्या दुर्बिणीचा, आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचा की न दिसणाऱ्या, आणि मिळालं तर किती तासांचं एक्सपोजर. जुलै २०२२ मध्ये वेबचा पहिला फोटो व्हाईट हाऊसमध्ये दाखवला तो साडेबारा तासांचा होता, एवढं लिहिलंत तरी माझ्यासारखा माणूस दोन मिनिटं त्या फोटोवर थांबतो. आणि फोटोच नसेल, नुसती रेघ असेल, तर रेघ छापा ना. शेअर बाजाराची रेघ रोज छापता, तिच्यात काय सौंदर्य असतं?

त्या मुलाचं राहिलं. त्याला मी अलकनंदाचा फोटो नेटवरून काढून दाखवला, मूळ फोटो, मोठा करायच्या आधीचा, शेकडो ठिपक्यांमधला एक. म्हणाला, "एवढीशीच?" म्हटलं हो, एवढीशीच. मग मोठा करून दाखवला, दोन हात दिसले, हातांवर मण्यांसारखे नवीन ताऱ्यांचे पुंजके दिसले. बराच वेळ बघत बसला. शेवटी दोन्ही प्रिंट नेल्या, निळा ग्रह पण, कारण तो त्याला आवडतो आणि आवडायला माझी काही हरकत नाही. काउंटरवरच माझा मार्कर घेऊन निळ्या ग्रहाखाली त्यानी लिहिलं, "हे चित्र आहे, फोटो नाही." आणि अलकनंदाखाली लिहायला लागला तर मार्कर संपला. नवीन आणून दिला. पैसे अर्धेच घेतले, ते मुलाला सांगू नका.

पत्र फार मोठं झालंय, तुम्ही कापणार हे माहिती आहे. कापायचं तर हबलचा परिच्छेद कापा, स्वित्झर्लंडचा पण चालेल, उलट तो कापलात तर बरंच आहे. खोडदच्या डिशचं मात्र ठेवा, टपरीवरचे बाबा वाट बघतायत.

आपला,
एक जुना वाचक, नारायणगाव, ता. जुन्नर